आमच्या वावरातले पितळी बटण

या वेळच्या भित्तिपत्रकासाठी गुरुजींनी 'आपला परिसर' हा विषय दिला. कोणी ओढ्यावर लिहिले, कोणी गुऱ्हाळावर लिहिले. मी बटणावर लिहिणार म्हटल्यावर सगळा वर्ग हसला. हसा बापडे. पण आधी वाचा.

गेल्या वर्षी फाल्गुनात आमच्या विहिरीकडच्या वावरातला ऊस तुटून गेला. पाचट पेटवायचे नाही असे अप्पांनी ठरवले होते, म्हणून ते बाजूला ओढून नांगरट केली. वावर मोकळे झाले. तेव्हा तात्यांनी (म्हणजे माझ्या चुलत्यांनी) एका माणसाला बोलावून आणले. त्याच्याकडे धातू शोधायचे यंत्र होते. आमच्या वावरात मोहरांचा हंडा पुरलेला आहे, असे तात्यांनी लहानपणापासून ऐकले होते. असा हंडा प्रत्येक गावात एका तरी वावरात असतोच म्हणे. तो सापडलेला मात्र मी अजून कोणाच्या घरी पाहिला नाही.

यंत्र मी जवळून पाहिले. लांब दांडा, त्याच्या खाली जेवायच्या ताटाएवढी गोल चकती, आणि कानाला लावायचे भोंगे. तो माणूस चकती जमिनीच्या जरा वर धरून इकडून तिकडे फिरवायचा, विळ्याने गवत कापल्यासारखी. धातू असला की टूंऽऽ असा आवाज येई. माझा धाकटा भाऊ तर त्याच्यामागून 'टूं टूं' करतच फिरत होता.

हे यंत्र कसे चालते ते मी नंतर गुरुजींना विचारले. चकतीच्या आत तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. बॅटरीची वीज त्यातून सारखी उलटसुलट धावते. त्यामुळे चकतीभोवती चुंबकाचे बळ तयार होते आणि ते सारखे बदलत राहते. ते जमिनीतल्या धातूपर्यंत पोचले की त्या धातूतही बारीकशी वीज गरगर फिरू लागते. तिचेही चुंबकबळ असते. ते वर चकतीला कळते आणि यंत्र ओरडते. साधा लोहचुंबक फक्त लोखंड ओढतो, पितळ किंवा तांबे ओढत नाही. या यंत्राला मात्र पितळ, तांबे, चांदी, सोने सगळे कळते. पण ते काय आहे हे यंत्र नीट सांगत नाही. खिळ्यालाही ओरडते आणि मोहरेलाही ओरडेल. शिवाय नाण्याएवढी बारीक वस्तू साधारण वीतभर खोल असली तरच कळते. मग पुरुषभर खोल पुरलेला हंडा त्याला कसा कळणार होता, हे तात्यांनी विचारले नाही.

टेलिफोनचा शोध लावणारे ग्रॅहॅम बेल यांनीसुद्धा असले यंत्र केले होते. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांना कोणीतरी गोळी मारली. गोळी अंगात कुठे अडकली ते डॉक्टरांना कळेना. बेल यंत्र घेऊन गेले, पण अध्यक्षांच्या गादीखाली लोखंडी स्प्रिंगा होत्या. गोळी काही सापडली नाही.

आमच्या वावरातही यंत्र उगाचच ओरडायचे. त्याचे कारण गुरुजींनी वर्गात दाखवले. एका कागदावर आमच्या रानातली वाळलेली काळी माती पसरली आणि खालून लोहचुंबक फिरवला. मातीतले काळे बारीक कण केसांसारखे उभे राहिले! आपली माती काळ्या खडकापासून झाली आहे आणि त्या खडकात लोखंड असते. तुम्ही पण करून बघा, मजा येते.

तर त्या माणसाने दिवसभरात पस्तीस खड्डे काढले. मी मोजले. निघाले काय? कुळवाच्या फासेचा तुकडा, बैलाच्या पायाचा अर्धा नाल, ट्रॅक्टरचा नट, सोड्याच्या बाटलीची बुचे, गोळ्यांच्या पाकिटाचा चंदेरी कागद आणि वाकडेतिकडे खिळे. संध्याकाळ व्हायला आली तेव्हा त्याला दोन हिरवी गोल चकत्यांसारखी नाणी सापडली. त्याने ती थुंकी लावून विजारीला घासली. मला एकीवर 'श्री' दिसल्यासारखे वाटले. पण मी पुढे होऊन बघायच्या आतच त्याने ती खिशात घातली आणि म्हणाला, "भंगार आहे." त्यानंतर एक मातीचा गोळा निघाला. तो फोडून त्याने पाहिला आणि म्हणाला, "बटण आहे, दे फेकून." ते माझ्या पायाशी पडले. मी उचलले.

हंडा लागला नाही म्हटल्यावर तो माणूस म्हणाला, अमावस्येला काळी कोंबडी लागेल, मग धन वर येईल. तेव्हा आजी ओसरीवरून उठली. "कोंबडी काळी आसंल न्हायतर पांढरी, माझ्या खुराड्याला हात लावायचा न्हाय," असे म्हणून तिने त्याला वाटेला लावले. गुप्तधनासाठी असले अघोरी प्रकार करणे हा आपल्या महाराष्ट्रात २०१३ पासून गुन्हा आहे, हे आम्हाला नंतर कळले. आजीला ते माहीत नव्हते, पण तिची कोंबडी वाचली.

रात्री अप्पा यवतहून आले. नाण्यांचे कळल्यावर ते आधी तात्यांकडे बघतच राहिले. मग विचारले, "सापडली कुठं?" तात्या म्हणाले विहिरीपाशी. चुलतभाऊ म्हणाला बांधापाशी. मी म्हणाले मधल्या सरीत. तिघांची तीन उत्तरे! माणूस गेला, नाणी गेली आणि जागासुद्धा गेली. तात्या त्या रात्री नीट जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी गुरुजींना सगळे सांगितले. आपल्या चौथीच्या पुस्तकात शिवछत्रपतींचा इतिहास आहे. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा महाराजांनी आपली नाणी पाडली. तांब्याच्या नाण्याला शिवराई म्हणतात. तिच्यावर एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' अशी अक्षरे असतात. मी म्हणाले, "गुरुजी, ती महाराजांच्या वेळची असतील का?" गुरुजी म्हणाले, "असतील किंवा नसतीलही. शिवराया पुढे पेशवाईतही पडत होत्या. नाणे हातात असते तर अक्षरांच्या वळणावरून ओळखता आले असते. आता काय सांगणार?" मला रडूच आले. महाराजांचे नाणे कदाचित माझ्यापासून दहा पावलांवर होते आणि आता ते कोणाच्या तरी खिशात आहे.

गुरुजींनी कायदा पण सांगितला. १८७८ सालचा जुना कायदा आहे. जमिनीत दडलेले दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचे धन सापडले, तर कलेक्टरांना लिहून कळवावे लागते. आपले वावर आहे म्हणून गुपचूप ठेवून चालत नाही. आणि १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपेक्षा जुन्या नाण्यांचा, मूर्तींचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही. त्या परदेशी तर पाठवताच येत नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळे नाण्यांचे झाले, बटणाचे काय? थांबा, सांगते.

ते बटण मी उचलले तेव्हाच मी जागा पण लिहून ठेवली होती. मला काही फार अक्कल होती असे नाही. त्याच आठवड्यात गुरुजींनी शाळेच्या पटांगणाचा नकाशा पावलांनी मोजून काढायला शिकवले होते आणि मला ते फार आवडले होते. येता-जाता मी सगळे पावलांनी मोजत होते. गोठ्यापासून चूल किती, चुलीपासून रांजण किती. म्हणून वहीत लिहिले : 'चिंचेच्या झाडापासून विहिरीकडे १२ पावले. वीतभर खोल.' नाण्यांच्या वेळी मात्र मी वही घरीच विसरले होते, ती नंतर धावत जाऊन आणली. त्याचे मला अजून वाईट वाटते.

वही बघून गुरुजी खूश झाले. त्यांनी आम्हाला इनामगावची गोष्ट सांगितली. इनामगाव आपल्या शेजारच्या शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी आहे. तिथे १९६८ ते १९८३ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या लोकांनी खणून अभ्यास केला. तीन हजार वर्षांपूर्वीचे, काही तर त्याहून जुने गाव सापडले. शंभराहून जास्त घरे. त्यांच्या चुली. ते लोक जव पिकवायचे. पुराचे पाणी अडवून पाटाने रानात न्यायचे. लहान मूल वारले तर त्याला दोन मडक्यांत, तोंडाला तोंड लावून, घरातच जमिनीखाली पुरायचे. (हे ऐकल्यावर वर्ग एकदम गप्प झाला.) एका ठिकाणी चार पाय असलेला मोठा रांजण मिळाला आणि त्यात एक माणूस बसवून पुरलेला होता.

तिथे सोन्याचा हंडा नव्हता. खापरे, हाडे, मणी आणि जळके दाणे होते. मग एवढे कसे कळले? कारण ते लोक जमिनीवर चौकोन आखून हळूहळू माती काढायचे आणि कुठली वस्तू कुठल्या चौकोनात, किती खोल, कशाच्या शेजारी मिळाली हे सगळे लिहायचे. एक घर पाच खोल्यांचे निघाले आणि त्याच्या शेजारी धान्याचे कोठार निघाले. म्हणून ते मुखियाचे घर असावे असे म्हणता आले. वस्तू उचलून नुसत्या पोत्यात भरल्या असत्या तर ते पोते काय बोलणार?

याच्या उलट दायमाबादचे झाले. ते अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरा नदीच्या काठी आहे. १९७४ साली तिथे एका गरीब भिल्ल शेतकऱ्याला झाडाचे खोड खणताना काशाच्या चार वस्तू मिळाल्या. हत्ती, गेंडा, रेडा, आणि दोन बैल जोडलेला रथ. रथावर माणूस उभा आहे. सगळ्यांचे मिळून वजन साठ किलोच्या वर आहे! त्या वस्तू आता सरकारच्या ताब्यात आहेत आणि मुंबई-दिल्लीच्या संग्रहालयांत लोकांना बघायला मिळतात. पण त्या खणून वर आल्यावर मगच अभ्यासक तिथे पोचले. मातीच्या कुठल्या थरात होत्या हे त्यांना स्वतः बघता आले नाही. म्हणून त्या नेमक्या किती जुन्या यावर विद्वानांचा अजून वाद आहे. त्यात त्या शेतकऱ्याचा काही दोष नाही. त्याला सरपण पाहिजे होते.

आता बटण. आजी ते चिंच लावून घासायला निघाली होती, तांब्या घासतात तसे. मी ओरडून थांबवले. कारण गुरुजींनी सांगितले होते की घासले तर हिरव्याबरोबर अक्षरे पण जातात. पितळेच्या भांड्यात ताक ठेवले की कळकते ना, तसे पितळ मातीतही कळकते आणि त्याच्यावर हिरवे चढते. मी बटण रात्रभर पाण्यात ठेवले आणि मऊ फडक्याने टिपले. तीन-चार वेळा केले. मागे शिवायची कडी दिसली. पुढे इंग्रजी अक्षरे दिसली : जी, आय, पी.

वर्गात एकच गोंधळ झाला. एक मुलगा म्हणाला, हे कोरेगावच्या लढाईतल्या गोऱ्या शिपायाचे बटण! ती लढाई १ जानेवारी १८१८ ला इथून जवळच, भीमेच्या काठी झाली. मला पण तसेच वाटायला लागले होते. लढाईचे बटण म्हटले की कसे भारी वाटते! गुरुजींनी फळ्यावर ती अक्षरे लिहिली आणि म्हणाले, "ही ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची अक्षरे. आपल्या देशातली पहिली प्रवाशांची आगगाडी याच कंपनीने १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे अशी चालवली. मग १८१८ च्या शिपायाच्या कोटाला हे बटण कसे लागणार?" आणि ५ नोव्हेंबर १९५१ ला ही रेल्वे मध्य रेल्वेत गेली, ते नाव संपले. म्हणजे बटण त्याच्या आधीचे. आपल्या यवत स्टेशनावरून जाणारी लाईन याच जी. आय. पी. ची होती.

पण रेल्वेचे बटण आमच्या वावरात कसे आले? रूळ तर लांब आहेत.

गुरुजी म्हणाले, घरातल्या वस्तू रानात कशा जातात ते आधी शोधा. आम्ही शोधले. पहिली वाट उकिरड्याची. घर झाडले की केर उकिरड्यावर, आणि उकिरड्याचे खत गाडीने वावरात. त्यात फुटकी बांगडी, बटण, सुई, कधी पैसा पण जातो. म्हणून पहिला पाऊस पडून गेला की ढेकळांवर काचेच्या बांगड्यांचे तुकडे चमकतात. दुसरी वाट पांढरीची. जुनी गावे जिथे होती तिथली माती राखेने पांढरी होते. पूर्वी लोक ती खत म्हणून गाड्या भरून रानात टाकायचे, आणि तिच्याबरोबर जुनी खापरे काळीत यायची. तिसरी वाट, वाटसरूंची. आपल्या गावावरून पुणे-सोलापूर रस्ता जातो. तुकोबांची पालखी लोणी काळभोरहून यवतला जाते ती इथूनच. एवढी माणसे चालली की काहीतरी पडणारच.

इंग्लंडमध्ये तर अशी यंत्रे घेऊन पुष्कळ लोक सुट्टीच्या दिवशी नांगरलेली रानेच धुंडतात, आणि त्यांना सगळ्यात जास्त बटणे सापडतात म्हणे. तिकडे वस्तू आणि जागा नोंदवून घ्यायला सरकारी माणसे नेमलेली आहेत. २००९ साली स्टॅफर्डशायर भागात एका माणसाला वावरातच सोन्याचांदीचा मोठा साठा मिळाला, त्याचे साडेतीन हजारांहून जास्त तुकडे होते. त्याने तो कळवला, म्हणून तो संग्रहालयात आला. पण आपल्याकडे जुनी बटणे कमीच. कारण जुन्या काळी आपले लोक बाराबंदी घालायचे, तिला बटणे नसत, बांधायचे बंद असत. चोळीला सुद्धा गाठच. बटण आपल्या खेड्यात उशिरा आले.

शनिवारी मी हे सगळे आजीला सांगत होते. आजी वाकळ शिवत होती. जुना सदरा वाकळीत घालायच्या आधी ती त्याची बटणे कापून पावडरच्या डब्यात टाकते. एकही वाया घालवत नाही. मी म्हटले, "आजी, रेल्वेचे कोणी आपल्या वावरात आले होते का गं?"

आजीची सुई थांबली. म्हणाली, "आगं, मामंजी व्हते की रेल्वेत. पाइंटमन. माझ्या लग्नाच्या आदी लई वर्सं."

मामंजी म्हणजे आजीचे सासरे, माझे पणजोबा. ते तरुणपणी स्टेशनात रूळ बदलायच्या कामावर होते हे अप्पांना पण नीट माहीत नव्हते! आजी म्हणाली, "नोकरी सोडून आल्यावर बी त्येंचा काळा कोट व्हता. थंडीचं पांघरायचे. मी लग्न हून आले तवा भात्तरचा दुष्काळ." (म्हणजे १९७२ चा.) "तवा आमी खडी फोडायला जायचो. म्होरल्या साली पाऊस झाला आन् जोंधळा आसा आला, की मानूस उभं ऱ्हायलं तरी दिसंना. पाखरंबी तशीच आली, थव्यानं. मग बुजगावनं केलं. मामंजी म्हनले, माझा कोट घाला त्येला, पाखरं सायबाला भितील."

"पण तू बटणे कापली नाहीस?" मी विचारले.

"कशी कापू? बटनं लावली न्हाय तर वाऱ्यानं कोट उडून जाईल की. म्हनून ठिवली."

मी वही पाठीमागे धरली आणि विचारले, "बुजगावणे कुठे उभे केले होते?"

आजीने डोळे मिटले. मग हाताने हवेत दाखवत म्हणाली, "चिच्चंच्या अलीकडं, हिरीच्या अंगाला. तितनं समदं वावर दिसायचं."

मी वही पुढे केली. आजीला वाचता येत नाही, म्हणून मी वाचून दाखवले : चिंचेच्या झाडापासून विहिरीकडे १२ पावले. आजीने बटण हातात घेतले, पदराने पुसले आणि बराच वेळ काही बोलली नाही. पणजोबांचा फोटो आमच्या घरात नाही. ते कसे दिसायचे ते आता फक्त आजीलाच माहीत आहे.

सोमवारी मी बटण शाळेत आणले तेव्हा कोणी हसले नाही. लढाईचे म्हणणारा मुलगा म्हणाला, "बुजगावण्याचं आहे होय!" पण त्यानेच ते सगळ्यात जास्त वेळ हातात धरून ठेवले. तात्या आता कोणाला रानात यंत्र आणू देत नाहीत. परवा त्यांनीच मला विचारले, नाण्यांचे कलेक्टर हपिसात आता कळवता येईल का. अप्पा आणि ते मिळून अर्ज लिहिणार आहेत. जागा म्हणून काय लिहायचे यावर त्यांचे अजून एकमत झालेले नाही.

बटण आजीच्या डब्यात ठेवलेले नाही, वेगळे ठेवले आहे. कोटाला पाच का सहा बटणे होती, आजीला नक्की आठवत नाही. एक सापडले. बाकीची तिथेच कुठेतरी असणार, नांगराने फार तर चार पावले इकडेतिकडे गेली असतील. सध्या तिथे खोडवा ऊस उभा आहे. तो तुटून गेला की मी, माझा भाऊ आणि आमच्या वर्गातले चौघे चिंचेपासून दोऱ्या बांधून चौकोन आखणार आहोत. यंत्र नको, नुसत्या डोळ्यांनी बघायचे, पहिला पाऊस पडून गेल्यावर. ज्यांना यायचे असेल त्यांनी घरून वही आणावी.